फौजेची संख्या आणि शिपायाचे नाव

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह पुन्हा भरते, तेव्हा मुले घरचा फराळ आणतात आणि त्यासोबत काही नवे शब्दही आणतात. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात मराठीच्या शिक्षिका रजेवर असल्याने मी त्यांचा तास घेत होतो. विषय होता समूहदर्शक शब्द. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा अशी उत्तरे भराभर येत होती. ‘सैनिकांची?’ असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, ट्रूप्स!’

वर्ग हसला. तो विद्यार्थी मात्र गंभीर होता. सुट्टीत काकांच्या मोबाईलवर तो एक युद्धाचा खेळ खेळला होता. त्यात छावणी बांधायची, तिच्यात ‘ट्रूप्स’ तयार करायचे आणि दुसऱ्याच्या गढीवर ते सोडायचे. ‘माझ्याकडे दोनशे होते,’ तो म्हणाला. मी सहज विचारले, ‘त्यांची नावे काय?’ तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, ‘सर, ट्रूप्सना नावे नसतात.’

मुलाने खेळाविषयी अगदी खरे उत्तर दिले होते. पण इतिहासाच्या शिक्षकाला ते उत्तर स्वस्थ बसू देईना. ज्या समाजाच्या कित्येक पिढ्या पलटणींत खपल्या, त्या समाजाच्या मुलांपुढे हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या एका शब्दाचा थोडा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

अनेक पाय, एक क्रियापद

मराठी व्याकरणात समूहवाचक नामांचा समावेश सामान्यनामांत केला जातो. समूहात व्यक्ती कितीही असोत, क्रियापद एकवचनीच चालते. ‘तुकडी रवाना झाली’, ‘फौज माघारी फिरली’, ‘सैन्य कामास आले’. शेवटच्या वाक्यात किती जण मेले हे कळत नाही, कोण मेले हे तर मुळीच कळत नाही. भाषेची ही सोय आहे. तिच्यावाचून इतिहास लिहिणे अशक्य होईल. परंतु सोयीची किंमत कोणीतरी मोजत असतो, हेही ध्यानात असावे.

इंग्रजीतील ‘ट्रूप’ हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा अर्थ जमाव, टोळी. घोडदळातील एका लहान तुकडीलाही तेच नाव होते. नाटकमंडळीला ‘ट्रूप’ म्हणतात तो शब्दही याच कुळातला. ‘ट्रूप्स’ असे अनेकवचन केले की त्याचा अर्थ सैनिक असा होतो. गंमत अशी की ‘पाच हजार ट्रूप्स’ म्हणजे पाच हजार सैनिक, पण ‘एक ट्रूप’ म्हणजे एक सैनिक नव्हे. त्या शब्दाला एकटा माणूस ठाऊकच नाही. मोबाईलच्या खेळांनी आता एकेका बाहुल्यालाही ‘ट्रूप’ म्हणायला आरंभ केला आहे. म्हणजे समूहाचे नाव व्यक्तीला मिळाले, आणि व्यक्तीचे नाव कोणालाच मिळाले नाही.

आपल्या बखरींची भाषाही फार निराळी नाही. ‘दहा हजार फौज’ असे आपण म्हणतो. आकडा दहा हजारांचा, पण नाम एकवचनी. ‘फौज’ हा शब्द अरबी, ‘लष्कर’ फारसी. ‘पलटण’ हा इंग्रजी बटालियनचा आपल्या तोंडी रुळलेला अपभ्रंश. त्यात प्लॅटून या शब्दाचीही सरमिसळ झाली असावी. ‘दल’ संस्कृत, त्याचा अर्थ पाकळी असाही होतो. ‘तुकडी’ मात्र घरचीच. तुकडा या शब्दापासून ती झाली. आठवी ‘अ’ तुकडी, आठवी ‘ब’ तुकडी असे आपण रोज म्हणतो, तेव्हा लष्कर आणि शाळा एकच शब्द वापरत आहेत हे आपल्या मनातही येत नाही. शिपाई या शब्दाची वाट तर बोलकी आहे. फारसीत तो सैनिक होता. पुढे आपल्याकडे तो कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसला.

पटावरची सेना

सेनेचा खेळ करणे ही मोबाईलने आणलेली गोष्ट नव्हे. बुद्धिबळाचा पूर्वज असलेल्या ‘चतुरंग’ या खेळाचे नावच चतुरंग सेनेवरून पडले: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. पालि साहित्यातही राजाचे सैन्य ‘चतुरंगिनी सेना’ म्हणूनच येते. आपल्या बुद्धिबळात राजा एक, वजीर एक, उंट, घोडे व हत्ती दोन-दोन, आणि प्यादी आठ. ‘प्यादा’ म्हणजे पायी चालणारा. सर्वांत पुढे तोच उभा असतो, त्याला मागे फिरण्याची मुभा नसते, आणि मोठा मोहरा वाचवायचा असेल तर प्रथम तोच दिला जातो.

मुलांच्या आवडत्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या खेळात हेच तत्त्व अधिक कठोर झाले आहे. हा खेळ २०१२ साली बाजारात आला. त्यात एकदा रणांगणात सोडलेले ट्रूप्स, चढाई यशस्वी झाली तरी, परत छावणीत येत नाहीत. पुढच्या चढाईसाठी नवे तयार होतात. त्यांच्यासाठी रडणारे कोणी नाही, कारण त्यांना घर नाही.

खेळ म्हणून यात मला पाप दिसत नाही. पुढचा विचार करणे, साधने जपून वापरणे, संयम राखणे हे गुण त्यातून येऊ शकतात. प्रश्न एवढाच, की पटावर जो हिशेब चालतो तोच माणसांच्या इतिहासाला लावण्याची सवय लागते काय? दुर्दैवाने ती सवय मोबाईलच्या आधीपासूनची आहे.

कोरेगावचा स्तंभ

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठच्या कोरेगावी ईस्ट इंडिया कंपनीच्या एका तुकडीने पेशव्यांच्या फौजेला दिवसभर थोपवून धरले. ‘पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार’ हे आकडे आपल्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडे बारकाईने सांगितले पाहिजे. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीचे सुमारे पाचशे पायदळ, त्याखेरीज घोडदळ आणि मद्रास तोफखान्याचे मोजके गोलंदाज असे एकूण आठशेच्या आसपास लोक होते. पेशव्यांची फौज अठ्ठावीस हजारांची सांगितली जाते. पण गावात शिरून प्रत्यक्ष लढलेल्या तिच्या तुकड्या दोन हजारांच्या आसपास होत्या. त्यांत अरब होते, गोसावी होते. कंपनीच्या बाजूलाही महारांबरोबर इतर जातिधर्मांचे शिपाई होते.

असे सांगितल्याने आपला अभिमान उणा होतो असे मला वाटत नाही. शिरूरहून रात्रभर चालून आलेले, दिवसभर अन्नपाण्यावाचून लढलेले ते शिपाई आकड्यांच्या टेकूवर उभे नाहीत. आणि कोरेगावची खरी अपूर्वता आकड्यांत नाहीच. ती स्तंभावर आहे. त्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांपैकी ४९ नावे कोरलेली आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे. ‘नाक’ हे ‘नायक’ या शब्दाचेच रूप मानले जाते आणि महार पुरुषांच्या नावांना ते लागत असे. शिवकाळातील पायदळात सुमारे दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, अशी चढती रचना होती. हा शब्द त्याच लष्करी परंपरेतला.

ज्या पेशवाईत या माणसांची सावलीही विटाळ मानली जात होती, ती संपत असताना त्यांची नावे दगडावर कोरली गेली. कंपनीने ते आपल्या विजयाच्या गौरवासाठी केले, आपल्यावरील प्रेमाने नव्हे, हे उघड आहे. तरीही नाव कोरले गेले ते गेलेच. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्यांच्यासमोर ‘फौज’ हा शब्द नव्हता. नावांची यादी होती. त्याच वर्षी पुढे महाड घडले.

एका शब्दाने बाहेर

समूहवाचक नाम माणसाला आत घेते, तसेच बाहेरही काढते. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांच्या कारकिर्दीत ‘लढाऊ जमाती’ हा सिद्धान्त बळावला: अमुक जात लढवय्यी, तमुक नव्हे. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. कोणा एका शिपायाची परीक्षा घेऊन तो नापास झाला असे घडले नाही. त्याच्या आजाने काय केले हेही कोणी विचारले नाही. संपूर्ण जातीला एकच शब्द लावला आणि काम संपले.

याविरुद्ध पहिला लेखी आवाज उठला तो आपल्याच महाड तालुक्यातून. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिक. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली; १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध सेनापतींकडे अर्ज तयार केला. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही सरकारकडे हीच मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ साली ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच चार वर्षांच्या आत ती मोडण्यात आली. पुन्हा महायुद्ध आले तेव्हा, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंटचा पाया घातला गेला. त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

गरज असेल तेव्हा छावणीत, गरज संपली की बाहेर, हे मुलांच्या मोबाईलमधल्या ट्रूप्सचे वर्णन आहे आणि आपल्या पणजोबांचेही आहे. भेद इतकाच की पणजोबा माणसे होती. पलटणीतील शाळेने त्यांना अक्षरओळख दिली होती. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. भरती थांबली तेव्हा नोकरीबरोबर ती शाळाही गेली. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या लष्करी छावणीत झाला, ही नोंद या प्रकाशात वाचावी.

संगमरवरावरचा आकडा

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत लहान संगमरवरी फलक लावले. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. दोन आकडे आणि गावाचे नाव. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ जण गमावले आणि आज ते ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. आकडा सर्वांना पाठ आहे. नावे मात्र घराघरांत शोधावी लागतात.

इराकमधील बसरा येथील स्मारकाची कथा याहून दुःखद आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत आपल्या भागातील पुष्कळ तरुण गेले. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद झाल्या. १९२९ साली बसऱ्याच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यावर गोऱ्या शिपायापर्यंत प्रत्येकाचे नाव आले, हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे आली. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात हा भेद मान्य केला. सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० मृतांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. हे बहुतेक आशिया-आफ्रिकेतील होते. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली ती क्षमा मृत्यूबद्दल नव्हती. नाव न लिहिल्याबद्दल होती.

कलिंगाचा हिशेब

आकडा लिहिणारा प्रत्येक राजा निष्ठुर असतो असेही नाही. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धाची संख्या स्पष्ट दिली आहे: दीड लाख लोक देशोधडीस लागले, एक लाख मारले गेले, त्याच्या कित्येक पट मृत्यू पावले. पण हा लेख तेथे थांबत नाही. आईवडिलांची सेवा करणारे, गुरुजनांचा मान राखणारे, मित्र, परिचित, सोबती, आप्त आणि सेवक यांच्याशी नीट वागणारे लोक तेथे राहत होते. कोणी वाचले तरी त्याच्या स्नेह्यांवर आपत्ती आली आणि ती आपत्ती त्यालाही लागली, असे अशोक सांगतो. म्हणजे तो आकड्याकडून नात्याकडे येतो. लाख ही संख्या फोडून तो तिच्यातून कोणाचा तरी पुत्र आणि कोणाचा तरी मित्र बाहेर काढतो. तथागतांच्या शिकवणुकीचा सत्तेवर झालेला हा परिणाम आहे. आपला विद्यालय-परिवार ज्या परिसरात उभा आहे त्याचेही नाव ‘नाते’च असावे, हा योगायोग मला फार प्रिय आहे.

महाडची फौज

आता आपल्या मातीकडे येऊ. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेस चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले. तेथे आलेल्यांत पलटणींतून निवृत्त झालेली, शस्त्र जाणणारी माणसे होती. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी खोटी आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. ही जुनी लष्करी माणसे नुसत्या इशाऱ्याची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी शांत राहण्यास सांगितले आणि ती शांत राहिली.

मोबाईलमधले ट्रूप्स सोडले की तुटून पडतात. स्वतःला आवरणे त्यांना ठाऊक नाही. महाडच्या माणसांनी स्वतःला आवरले, कारण ती स्वतःहून आली होती आणि कशासाठी आलो हे प्रत्येकास ठाऊक होते. त्याच चळवळीतून समता सैनिक दल उभे राहिले. त्या नावातील प्रत्येक शब्द विचारपूर्वक ठेवलेला आहे: दल समूहाचे, सैनिक शिस्तीचा, पण सर्वांच्या आधी समता.

डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबरला झाले हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या परिषदेत सत्याग्रहास, प्रसंगी तुरुंगवासास, तयार असणाऱ्यांची नावे लिहून घेण्यात आली आणि ती यादी चार हजारांच्या घरात पोहोचली. पुढे प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला, लोकांनी तो मानला आणि शिस्तीने नगरातून मिरवणूक काढली. अंतिम न्याय १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात मिळाला. परंतु त्या थंडीच्या दिवसांत, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ जातीच्या नावाने हाक मारली गेली, त्यांनी रांगेत उभे राहून आपापले नाव सांगितले, ही घटना मला तळ्याच्या पाण्याइतकीच मोलाची वाटते.

हजेरी

आपण परीक्षेत विचारतो, ‘महाडला किती लोक जमले होते?’ कोण जमले होते, हे विचारत नाही. २०२७ साली त्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कोणत्या वाडीतून कोण गेले, हे सांगू शकणारे वृद्ध आता थोडे उरले आहेत. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे. घरातील जुन्या पेट्या उघडा. पेन्शनचे कागद, पलटणीचे दाखले, छायाचित्रे पाहा. पहिल्या महायुद्धाचे एखादे पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. त्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आजीला विचारा, तिच्या सासऱ्यांना महाडला कोणी नेले होते, आणि घरातून बाई कोण गेली होती; डिसेंबरच्या परिषदेस स्त्रियाही आल्या होत्या आणि त्यांची नावे तर सर्वांत आधी हरवली. मिळेल ते नाव, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून विद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. मूळ वस्तू घरीच राहू द्या. नोंद आम्ही करून घेऊ. ऐकीव माहिती असेल तर ऐकीव म्हणूनच लिहू.

त्या दिवशी तास संपताना मी मुलांना हजेरीपट दाखवला. ‘मस्टर’ हा शब्दही मूळचा फौजेचाच. शिपायांची मोजदाद म्हणजे मस्टर. पण शाळेत ती मोजदाद नाव घेऊन होते आणि प्रत्येक नावामागे एक आवाज ‘हजर’ म्हणतो. मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी दुसऱ्या सोमवारी माझ्याकडे आला. त्याच्या पणजोबांचे नाव त्याने घरी निरोप पाठवून विचारून घेतले होते. आमच्या वहीतील पहिली नोंद ती आहे. दुसरी आपली असावी.

जय भीम! नमो बुद्धाय!